पुण्यात राहून वाइन शिकताना : दोन पेल्यांची पद्धत

वाइनचा छंद लावून घ्यायचा म्हटले, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणती बाटली चांगली?’ दुकानदारापासून परदेशी राहून आलेल्या मेहुण्यापर्यंत प्रत्येक जण त्याचे वेगळे उत्तर देतो. शिकण्याच्या दृष्टीने मात्र हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. एकच वाइन एकटी चाखली, तर नवख्या माणसाला ती ‘आंबट’, ‘तुरट’ किंवा ‘बरी’ यापलीकडे काही सांगता येत नाही. तीच वाइन दुसऱ्या एखाद्या वाइनशेजारी ठेवून चाखली, की कोणती अधिक आंबट, कोणती अधिक तुरट, कोणाचा वास फळाचा आणि कोणाचा मसाल्याचा, हे पहिल्याच दिवशी सांगता येऊ लागते. म्हणून पुढे जे काही सुचवले आहे, ते सगळे एका नियमावर उभे आहे : शिकण्यासाठी बसाल तेव्हा समोर पेले दोन असावेत, आणि त्या दोन वाइनमध्ये शक्यतो एकाच गोष्टीचा फरक असावा.

पुणेकरांना या छंदासाठी लांब जावे लागत नाही. देशात सर्वाधिक वाइन महाराष्ट्रात होते. पुण्याच्या उत्तरेला नाशिक, आग्नेयेला बारामती आणि अकलूजचा पट्टा, आणि मांजरीला १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, इतके सगळे एका दिवसाच्या टप्प्यात आहे. शहरातल्याच आघारकर संशोधन संस्थेने ‘एआरआय-५१६’ हे द्राक्षाचे संकरित वाण काढले असून ते रस, बेदाणा आणि रेड वाइन या तिन्हींसाठी चालते.

आधी परवाना आणि प्रमाण

महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी व पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव मिळतो. ज्याला घरी चार-सहा बाटल्या ठेवून अभ्यास करायचा आहे, त्याने दुकानात मिळणाऱ्या एक दिवसाच्या परवान्यावर विसंबू नये. आजीव परवाना एकदाच काढून ठेवावा. मित्रमंडळी जमवून चाखणीची बैठक ठरवताना ‘ड्राय डे’ची यादीही बघावी, कारण गणेशोत्सवात आणि निवडणुकांच्या काळात बेत ऐनवेळी फिसकटतो.

प्रमाणाबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट असलेले बरे. मद्यपानाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. ‘रोज एक पेला रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य छंदाचे समर्थन म्हणून वापरू नये. अभ्यासाला फार वाइन लागतही नाही. चाखणीचा एक घोट-पेला म्हणजे ५० मिलिलिटर. तेरा टक्के मद्यार्काच्या वाइनमध्ये तेवढ्यातून साधारण पाच ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते, आणि व्यावसायिक चाखणारे करतात तसे घोट घोळवून थुंकून टाकला, तर त्याहून बरेच कमी. थुंकण्यासाठी शेजारी स्टीलचा तांब्या ठेवावा. पहिल्या बैठकीत सगळ्यांनाच संकोच वाटतो, दुसऱ्या बैठकीत कुणाचे लक्षही जात नाही. गाडी चालवून परतणाऱ्याने मात्र त्या दिवशी फक्त वास घेऊन नोंदी कराव्यात. त्यातूनही निम्मा अभ्यास होतो.

साहित्य

पेले महाग असण्याची गरज नाही, सारखे असण्याची आहे. चाखणीच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ पासून ठरलेले आहे. तो सुमारे २१५ मिलिलिटरचा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असतो, त्यामुळे वास आत कोंडून राहतो. त्या घाटाचे कोणतेही साधे काचेचे पेले माणशी दोन घ्यावेत. त्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कपाट. लाकडाचा, वर्तमानपत्राचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास पेल्यात बसतो आणि मग प्रत्येक वाइनमध्ये तोच वास सापडत राहतो. पेले गरम पाण्याने विसळून, हवेत वाळवून, वापरण्याआधी रिकामे हुंगून पाहावेत. याशिवाय पांढरा कागद, साधे पाणी, एक वही आणि स्क्रू झाकणाच्या ३७५ मिलिलिटरच्या दोन स्वच्छ रिकाम्या बाटल्या लागतील. त्यांचा उपयोग पुढे येईल.

खोलीत उदबत्ती लावलेली नसावी, कोणी अत्तर लावून येऊ नये, आणि स्वयंपाकघरात फोडणी पडण्याच्या आत चाखणी उरकावी. रविवारी सकाळी साडेदहा-अकराची वेळ उत्तम. तेव्हा नाक ताजे असते आणि पोट फार भरलेले नसते. सकाळी वाइनचे पेले मांडलेले पाहून घरातील ज्येष्ठांच्या कपाळावर जी आठी पडते, तिच्यावर उपाय नाही.

वाइनशिवायचा पहिला आठवडा

बाटली उघडण्याआधी एक आठवडा स्वयंपाकघरात घालवावा, असा माझा आग्रह आहे, कारण वाइनमध्ये जे ओळखायचे असते ते जवळजवळ सगळे तिथे सुटे सुटे मिळते.

पहिला धडा आंबटपणाचा. तीन पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. एकात काहीही घालू नये, दुसऱ्यात अर्धा चमचा आणि तिसऱ्यात दीड चमचा लिंबाचा रस घालावा. प्रत्येक घोटानंतर तोंड किंचित उघडून मान खाली घालावी आणि जिभेच्या कडांशी लाळ किती वेगाने सुटते ते पाहावे. वाइनमधला आंबटपणा असाच, लाळेवरून मोजतात. आता तिसऱ्या पेल्यात चमचा चमचा साखर घालत चाखत जावे. लिंबू तेवढेच असूनही ते सौम्य वाटू लागते, पण लाळ मात्र पूर्वीइतकीच सुटते. गोडसर वाइनचा आंबटपणा आपल्या लक्षात का येत नाही आणि तो नसता तर तीच वाइन पाकासारखी का लागली असती, हे या एका प्रयोगात कळते.

दुसरा धडा तुरटपणाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. दूध-साखरेविना कोरा चहा तीन भांड्यांत करावा. एक दोन मिनिटे, दुसरा पाच आणि तिसरा दहा मिनिटे मुरू द्यावा. कोमट झाल्यावर क्रमाने चाखावा. दहा मिनिटांचा चहा हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला आणि गालांवर कोरडा ओढल्यासारखा जाणवतो. ती जाणीव टॅनिनची. द्राक्षाची साल आणि बी यांतून टॅनिन रेड वाइनमध्ये उतरते, आणि ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते म्हणून तोंड कोरडे पडते. आता त्याच कडक चहात चमचाभर दूध घालून पुन्हा घोट घ्यावा. तुरटपणा एकदम उतरतो, कारण टॅनिनला धरायला आता दुधातली प्रथिने मिळाली. रेड वाइनसोबत चीज किंवा मटण का ठेवतात, याचे उत्तर इथेच मिळते.

तिसरा धडा नाकाचा. झाकण असलेल्या लहान डब्यांत नुकतीच कुटलेली मिरी, लवंग, ढोबळ्या मिरचीचा तुकडा, पेरूची फोड, लिंबाची किसलेली साल, मध, व्हॅनिला इसेन्स आणि हंगाम असेल तर जांभूळ किंवा करवंद ठेवावे. डोळे मिटावेत आणि घरातल्या कुणीतरी डबे उलटसुलट क्रमाने नाकाशी धरावेत. रोज फोडणीत पडणारी लवंगसुद्धा डोळे मिटल्यावर पटकन नावानिशी आठवत नाही, याचा प्रत्येकाला धक्का बसतो. वास ओळखता येतो, नाव सापडत नाही. नाव सापडण्याचा वेग हाच या छंदातला खरा सराव आहे.

वाइनच्या वर्णनातले हे वास म्हणजे केवळ कविकल्पना नाहीत. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनला मिरीचा वास देणारा रोटुंडोन हा पदार्थ मिरीतही असतो. सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या वाइनमधला ढोबळ्या मिरचीचा वास पायराझिन नावाच्या संयुगांचा, आणि तीच संयुगे ढोबळ्या मिरचीतही सापडतात. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेची झाक देणारे युजेनॉल आणि व्हॅनिलाची झाक देणारे व्हॅनिलिन लाकडातून येतात. परदेशी पुस्तकांतली गूजबेरी किंवा ब्लॅककरंट ही फळे आपण कधी हुंगलेली नसतात. ती नावे पाठ करण्यापेक्षा आवळा, करवंद, तुती, जांभूळ, चिंच अशी आपली यादी करावी. वहीत ‘पिकू लागलेला पेरू’ लिहिले तर त्यात काही कमी नाही, उलट ते अधिक खरे असते.

पहिली जोडी

सुरुवात एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षीच्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन व्हाइट वाइनपासून करावी. नाशिकच्या जमिनीत या दोन्ही वाणांनी चांगले बस्तान बसवले आहे. सुला विनियार्ड्सने २००० साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्या याच दोन वाणांच्या होत्या. दोन्ही बाटल्या पुण्यात सहज मिळतात आणि चार जणांत खर्च वाटून घेतला तर हलका पडतो.

बाटल्या उघडल्याबरोबर, एकही पेला भरण्याआधी, प्रत्येकीतली वाइन त्या ३७५ मिलिलिटरच्या रिकाम्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावी. वाइन बिघडते ती हवेने. काठोकाठ भरलेल्या बाटलीत हवेला जागाच नसते, त्यामुळे हा अर्धा भाग पुढच्या रविवारपर्यंत बहुधा चांगला राहतो. उरलेल्या निम्म्यातून चौघांची चाखणी होऊन जेवणासोबतही थोडी उरते.

आता दोन्ही पेल्यांत सारखी, पेल्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी वाइन घ्यावी. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा. व्हाइट वाइन वयानुसार गडद होत सोनेरी होते, रेड वाइन उलट फिकी होत कडेला विटकरी दिसू लागते. पेला न हलवता एकदा वास घ्यावा, मग टेबलावर ठेवूनच गोल फिरवून पुन्हा घ्यावा. दीर्घ श्वासापेक्षा दोन-तीन आखूड हुंग्यांनी अधिक कळते. दोन्ही पेल्यांचा वास आलटून पालटून घेतल्याशिवाय घोट घेऊ नये. सोव्हिन्यों ब्लांमध्ये बहुधा हिरवेपणा, म्हणजे गवत, ढोबळी मिरची, लिंबाची साल आणि कच्चा पेरू सापडेल. शेनिन ब्लां अधिक पिकलेल्या फळाकडे झुकते आणि आपल्याकडच्या काही शेनिन किंचित गोडसर ठेवलेल्या असतात.

मग लहानसा घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा आणि ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी. सुर्र असा आवाज होतो, होऊ द्यावा. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग घशाच्या मागून नाकात जाणारा वासच असतो. खात्री करायची तर पुढचा घोट नाक चिमटीत धरून घ्यावा. केवळ आंबट-गोड एवढेच उरेल, आणि नाक सोडताच फळ परत येईल. थुंकल्यानंतर किंवा गिळल्यानंतर चव किती सेकंद रेंगाळते तेही मोजावे, कारण चांगल्या वाइनची ती एक बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे.

नोंद करताना पाच गोष्टी पुरेत : गोडी, आंबटपणा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि तोंडातला भरीवपणा. प्रत्येकीपुढे ‘अ मध्ये अधिक’ किंवा ‘ब मध्ये अधिक’ एवढेच लिहावे. दहापैकी गुण देण्याची घाई करू नये. पहिल्या सहा महिन्यांत दिलेले गुण पुढे आपल्यालाच वाचवत नाहीत.

पुढच्या जोड्या

दुसऱ्या बैठकीला दोन वेगळ्या वाइन लागत नाहीत. एकाच रेड वाइनचे दोन पेले घ्यावेत, एक खोलीच्या तापमानाचा आणि दुसरा अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटलीतला. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांना उद्देशून आहे. तिथल्या अपेक्षेनुसार ते तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस असते. एप्रिलमध्ये कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला रेड वाइनमधला मद्यार्क नाकात चढतो आणि फळ झाकले जाते. पुण्यात रेड वाइन आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती फक्त गरम मिळालेली असते, असे मला वाटते. उलट व्हाइट वाइन फ्रीजमधून काढल्या काढल्या चार-पाच अंशांवर मुकी असते. ती पंधरा मिनिटे बाहेर ठेवून ८ ते १२ अंशांवर प्यावी.

तिसरी जोडी शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों यांची. मिरी कुठे आणि ढोबळी मिरची कुठे, हे इथे तपासता येते. त्यानंतर झिनफँडेल या काळ्या द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, आणि झिनफँडेलचीच रेड समोरासमोर ठेवावी. द्राक्ष एकच, फरक फक्त सालींचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकाच असतो आणि रंग सालीत असतो. रोझेसाठी रस सालींसोबत काही तासच ठेवतात, रेडसाठी आंबवण्याच्या काळात दिवसचे दिवस. चहाचा दोन आणि दहा मिनिटांचा प्रयोग इथे पुन्हा भेटतो.

वाण तोच ठेवून गाव बदलायचे, ही त्यापुढची पायरी. अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वाइन्सने इटालियन वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली सांजोवेझे हे टस्कनीचे वाण सोलापूरच्या मातीत लावले. ती वाइन आणि इटलीतली एखादी कियांती, जी प्रामुख्याने याच द्राक्षाची असते, शेजारी ठेवली की ऊन, माती आणि हात यांचा परिणाम तोंडी लावून पाहता येतो. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आणि न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां ही तशीच दुसरी जोडी. आयात शुल्कामुळे परदेशी बाटली बरीच महाग पडते, पण सहा जणांत ती परवडते. इथे महागडी बाटली घेण्यापेक्षा नमुनेदार बाटली घ्यावी.

बुडबुड्यांच्या वाइनसाठी इटलीची प्रोसेको आणि पारंपरिक पद्धतीची एखादी भारतीय ब्रूट, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली, घ्यावी. पारंपरिक पद्धतीत दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीतच होते आणि वाइन मृत यीस्टच्या सान्निध्यात महिनोन्महिने राहते, त्यामुळे पावाच्या भट्टीसारखा वास येतो. प्रोसेकोत ही क्रिया बहुधा मोठ्या बंद टाकीत उरकतात, म्हणून फळ ताजे राहते. दिंडोरीतली शाँदों आणि सुलाची ब्रूट या दोन्ही पारंपरिक पद्धतीच्या आहेत. ही पद्धत आपल्याकडे त्याही आधी पुणे जिल्ह्यातच रुजली होती. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने अशी वाइन केली आणि ती परदेशांत ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली. पुढे ती कंपनी लयाला गेली.

दुकानात आणि घरात

पुण्यातल्या वाइन शॉपमध्ये वाइन बहुधा एकाच फळीवर असते, आणि ती फळी ट्यूबलाइटच्या जवळ, छताला लागून असते. वरची हवा सर्वांत गरम, वर सततचा उजेड, आणि बाटल्या महिनोन्महिने उभ्या, त्यामुळे बूच सुकते. म्हणून बाटली हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बूच किंचित वर आलेले असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल किंवा वाइनची पातळी इतर बाटल्यांपेक्षा खाली असेल, तर ती तापलेली आहे असे समजावे. शक्य असेल तिथे स्क्रू झाकणाची बाटली घ्यावी, ती दर्जाने हलकी नसते. साध्या व्हाइट आणि रोझे वाइनचे वर्ष जितके अलीकडचे तितके बरे. जिथे खप जास्त तिथे माल ताजा, म्हणून कॅम्प, कोरेगाव पार्क, औंध, बाणेर अशा भागांतली मोठी दुकाने निवडावीत.

लेबलवरचे शब्द सगळीकडे सारख्याच वजनाचे नसतात. स्पेनमधल्या रिओहा प्रांताच्या रेड वाइनवर ‘रिझर्वा’ लिहिले असेल तर तिची किमान तीन वर्षांची मुरवणी, त्यातले किमान एक वर्ष ओकमध्ये, नियमाने झालेली असते. अनेक देशांत ‘रिझर्व्ह’ हा शब्द उत्पादकाच्या मर्जीवर असतो. स्वस्त गोड ‘पोर्ट’ हा तर वेगळाच प्रकार. पोर्तुगालच्या दुरो खोऱ्यातल्या, साधारण २० टक्के मद्यार्काच्या खऱ्या पोर्टशी त्याचा संबंध नावापुरता आहे. या स्वस्त पोर्टपासून वाइनची ओळख झालेल्यांना पहिली कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, रेड अन्यायकारक कडू वाटते. त्यांनी किंचित गोडसर शेनिनपासून सुरुवात करून सावकाश कोरड्या वाइनकडे यावे.

घरी बाटली ठेवायची जागा म्हणजे सर्वांत आतल्या खोलीतल्या कपाटाचा तळ. फ्रीजच्या वर आणि गॅसच्या ओट्याजवळ कधीही नाही. दीर्घकाळ साठवणीसाठी १२ ते १४ अंशांचे स्थिर तापमान हवे, आणि पुण्याचा उन्हाळा ते देत नाही. वाइनचे वेगळे फ्रीज घ्यायचे नसेल तर मार्चनंतर साठा करू नये, लागेल तशी आणावी. भेट आलेली बाटली ‘जुनी होऊ दे’ म्हणून शोकेसमध्ये ठेवणे हा तिचा वध आहे. जगातल्या बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यायच्या असतात.

बिघाड ओळखणे हाही अभ्यासच. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास आला तर बुचातून आलेला टीसीए नावाचा दोष असतो. काप करून ठेवलेल्या तपकिरी सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागलेली वाइन, आणि व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे जिवाणूंनी केलेला घोटाळा. अशी बाटली लगेच ओतून न देता सर्वांना हुंगायला द्यावी, मग ओतावी.

आपले जेवण

तिखट हा आपला मुख्य अडथळा. मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात, थोडी गोडी ती कमी करते. त्यामुळे काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणासोबत भारदस्त कॅबरने ठेवण्याचा मोह टाळावा. तिथे मऊ टॅनिनची, किंचित गार केलेली शिराझ किंवा रोझे बरी चालते. चिंच-गुळाची अळूवडी आणि गोडसर शेनिन यांची जोडी मला सर्वांत जमलेली वाटते, कारण गोडी गोडीला आणि आंबट आंबटाला पेलते. कोथिंबीरवडी, बटाटेवडा, तळलेली सुरमई यांना बुडबुड्यांची ब्रूट द्यावी. आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात. गोडा मसाला आणि खोबऱ्याची भरली वांगी शिराझशी छान जमतात. पुरणपोळीसोबत वाइन पोळीपेक्षा गोडच हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते, म्हणून उशिरा तोडलेल्या द्राक्षांची शेनिन घ्यावी. मिसळीसोबत काहीही जमत नाही, आणि जमवू नये.

बाग पाहायला जाणे

वाइनरीत जाऊन केवळ चाखून परत येणे म्हणजे अर्धी सहल. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. महाराष्ट्रातल्या उबेत ती झोपतच नाही, म्हणून आपले बागायतदार दोन छाटण्या करतात : एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरला, फळछाटणी. त्यामुळे आपली तोड जानेवारी ते मार्च या काळात होते, तर उत्तर गोलार्धातल्या थंड देशांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. फेब्रुवारीतली भेट म्हणून सर्वांत उपयोगी. डिसेंबरमध्ये गेलात तर काळ्या वाणांच्या मण्यांत पाणी उतरून रंग भरताना दिसेल. ऐन पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, पण वेलीवर बघण्यासारखे काही नसते.

तोडीच्या दिवसांत परवानगी घेऊन एक मणी तोंडात टाकावा आणि पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात. खाण्याच्या थॉम्सन किंवा सोनाकापेक्षा तो लहान असतो, साल जाड असते, बिया असतात, रस विलक्षण गोड असतो, आणि साल चावत राहिले की चहाचा तोच कोरडेपणा हिरड्यांवर येतो. बी चावून पाहावी : पिकलेली असेल तर तपकिरी आणि कुरकुरीत, नसेल तर हिरवट आणि कडू. बागेतल्या माणसाकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच. त्यात रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, वाचून दाखवायला सांगावे. वाइनसाठी ते साधारण २२ ते २४ असते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो, या हिशेबाने बाटलीवरचे १३ टक्के कुठून आले ते तिथेच मांडता येते. खुंटाबद्दलही विचारावे. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकी खुंटावर कलम करण्याची रीत पडली, आणि आपल्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

नाशिकला जायचे तर एका दिवसात दोनपेक्षा अधिक वाइनरी करू नयेत. सुलाच्या गर्दीच्या आवारासोबत मुकणे धरणाजवळची व्हॅलोने किंवा निफाडकडची रेवेलो अशी एखादी लहान जागा घ्यावी, कारण लहान जागी वाइन करणारा माणूस स्वतः भेटण्याची शक्यता जास्त. जवळचे हवे तर सोलापूर रस्त्याने पाटसहून बारामतीकडे वळल्यावर रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वाइनरी आहे. कुठेही निघण्याआधी फोन करून वेळ ठरवावी, आणि गाडी चालवणारा न चाखणारा असावा.

पुढचा अभ्यास

वर्षभर जोड्या चाखून झाल्यावर पुस्तकी अभ्यासाला अर्थ येतो. लंडनच्या डब्ल्यूएसईटी (वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे अभ्यासक्रम भारतातही चालतात. छंदासाठी पहिल्या दोन पातळ्या पुष्कळ झाल्या. या क्षेत्रातली सर्वोच्च मानली जाणारी ‘मास्टर ऑफ वाइन’ ही पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय सोनल हॉलंड, २०१६ साली. ज्याला निर्मितीकडेच वळायचे आहे, त्याच्यासाठी मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत वाइन तंत्रज्ञानाचे शिक्षण आहे.

अभ्यासक्रमाला पैसे भरण्यापूर्वी एक चाचणी घरीच द्यावी. एकाच वाणाच्या, सारख्या रंगाच्या दोन वाइन घ्याव्यात. दुसऱ्या कुणीतरी तीन पेले भरावेत, दोघांत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी, आणि पेल्यांच्या तळाशी चिठ्ठ्या चिकटवाव्यात. वेगळा पेला कोणता एवढेच सांगायचे, वाइनचे नाव नाही. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून क्रम बदलून ही फेरी किमान सहा वेळा करावी. सहापैकी पाच वेळा वेगळा पेला सापडला तर जोड्यांची पुढची पायरी घ्यावी : तोच उत्पादक, तेच वाण, दोन लागोपाठची वर्षे. दोन-तीनदाच सापडला, तर त्याच दोन बाटल्यांचा फ्रीजमध्ये ठेवलेला अर्धा भाग पुढच्या रविवारी काढून, आधी फक्त वासावर आणि मग फक्त घोटावर, पुन्हा बसावे.